बेशरम खाल्लेली शेळी मान का हलवते?

गेल्या मे महिन्यात आमच्या तात्यांच्या गोठ्यातली एक शेळी मान हलवायला लागली. म्हणजे कशी, तर आपण कुणाला "नको नको" म्हणताना हलवतो तशी, बारीक बारीक. नुसती उभी असली की कमी, पण वैरणीला तोंड लावायला गेली की जास्त, आणि तोंड अगदी जवळ पोचलं की थरथर एवढी वाढायची की घास हुकायचा आणि नाक गव्हाणीवर आपटायचं. चालताना मागचे पाय फाकलेले, पाऊल गरजेपेक्षा उंच उचलायची आणि धप्पकन टाकायची, दारू पिलेला माणूस पायरी चढतो तसं. काकूंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. शेजारचे आप्पा म्हणाले, पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार, झालं, पोरांना गोठ्यात जायची बंदी.

डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शन वगैरे काही काढलं नाही आधी, शेळीची हनुवटी धरून मान वर केली, थोडा वेळ तशीच धरली आणि सोडली, तर शेळी मागच्या मागं बसलीच की! डोळ्याची बुबुळं इकडून तिकडं नाचत होती. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तात्या, कुंपण कशाचं आहे तुमचं?"

कुंपण बेशरमाचं होतं.

मी काय जनावरांचा डॉक्टर नाही, बी.एस्सी. केमिस्ट्री करून औषधाच्या होलसेलमधे बसतो, पण हे डोक्यात असं बसलं की त्या आठवड्यात रोज रात्री वाचत बसलो. कारण विष म्हणजे आपल्या डोक्यात काय असतं, खाल्लं, फेस आला, मेलं. इथं तर शेळी जिवंत, दूध देतीय, भूक पण बऱ्यापैकी, फक्त तिला तिचं तोंड कुठं न्यायचं ते जमेना. हे कसलं विष?

बेशरम तुम्हाला माहितीच आहे. पंचगंगेच्या काठानं कुठंही जावा, ओढ्यात, पाणंदीच्या कडेला, दलदल असेल तिथं हमखास. पोकळ काठी, बदामी आकाराची लांबट पानं, जांभळट गुलाबी कर्ण्यासारखं फूल, फांदी मोडली की पांढरा चीक. रताळ्याच्या वेलाचा हा सख्खा भाऊबंद, मूळचा अमेरिकेतला, पण आता इथलाच असल्यासारखा राहतो. तोडून टाकला तर पडल्या जागी मुळं फुटतात, पुरात आठ दिवस बुडला तरी मरत नाही, म्हणून तर हे नाव. आणि जनावरं एरवी तोंड लावत नाहीत म्हणूनच लोक त्याचं कुंपण करतात, फुकटचं आणि टिकाऊ.

मग शेळीनं खाल्लं का? आता आपल्याकडचं गणित बघा. कारखान्याचा हंगाम चालू असतो तोपर्यंत उसाचं वाडं मिळतं, हिरव्याची चिंता नसते, गावातली निम्मी जनावरं वाड्यावरच जगतात. मार्चच्या आसपास कारखाने बंद झाले की वाडं बंद. एप्रिल-मेमधे बांध करपलेले, गवत नाही, आणि सगळ्या रानात हिरवंगार काय दिसतं तर ओढ्यातलं बेशरम. भुकेली शेळी एक पान खाऊन बघते, तिला लगेच काही होत नाही. हीच खरी गोम आहे. पोट दुखलं असतं, जुलाब लागले असते तर परत गेली नसती. काहीच होत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दोन पानं, आठवड्यानं फांदी, आणि लक्षणं दिसेपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात.

आत काय चालतं ते सांगतो, जरा गुऱ्हाळात चला माझ्याबरोबर. गुऱ्हाळघरात ऊस येतो, चरक्यात रस निघतो, कायलीत शिजतो, गुळव्या लक्ष ठेवून असतो. पण चरक्याच्या दुसऱ्या बाजूला चिपाडं पडत असतात, ती उचलून नेऊन पसरणारा, वाळवून चुलवाणाकडं देणारा एक गडी असतो, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. तो दोन दिवस आला नाही तर? ऊस भरपूर आहे, चरका चालू आहे, गुळव्या हजर आहे, पण चिपाडाचा ढीग चरक्याला भिडतो आणि गुऱ्हाळ उभं राहतं.

शरीरातल्या प्रत्येक पेशीत असा चिपाडं उचलणारा विभाग असतो, त्याला लायसोसोम म्हणतात. जुनी झालेली प्रोटीनं, त्यांना चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या, सगळं तिथं तुकडे करून परत वापरात आणलं जातं. त्यातला एक गडी, म्हणजे एन्झाईम, त्याचं नाव अल्फा-मॅनोसिडेज, काम एकच, मॅनोज नावाच्या साखरेचे दुवे तोडायचे. बेशरमातलं विष स्वेन्सोनीन हे आकारानं या मॅनोज साखरेसारखं दिसतं, एन्झाईमला वाटतं आपलंच गिऱ्हाईक आलं, ते त्याला पकडतं आणि पकडूनच बसतं. हात अडकला की काम बंद. अर्धवट तुटलेल्या साखळ्या साठत जातात, पेशीत फुगे फुगे दिसायला लागतात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशी जाळीदार झालेली असते, घावणासारखी.

हे सगळ्या शरीरात होतं, लिव्हरमधे, किडनीत, सगळीकडं. पण लिव्हरची पेशी मेली तर दुसरी तयार होते. मेंदूतल्या पेशीचं तसं नसतं. आणि त्यातही छोट्या मेंदूत, मानेच्या वर मागच्या बाजूला असतो तो, पर्किंजे नावाच्या मोठ्या फांद्याफांद्यांच्या पेशी असतात, त्या पहिल्या लोळतात. त्यांचं काम हालचालीला माप देणं. पाऊल किती उचलायचं, तोंड कुठं थांबवायचं. ते माप गेलं की शेळीला पाय उचलता येतो पण किती उचलायचा ते कळत नाही. आता कळलं ना, थरथर उभं असताना कमी आणि घासाजवळ जास्त का? जिथं अचूक अंदाजाची गरज असते तिथंच तो चुकतो.

(हाच आजार काही जनावरांत झाड न खाता जन्मतःच असतो, अँगस जातीच्या गाईंत सापडलेला आहे, हेच एन्झाईम त्यांच्या शरीरात जन्मापासून नीट नसतं. वासरू मान हलवत मोठं होतं आणि लवकर मरतं. म्हणजे झाडानं केलं काय, तर एका आनुवंशिक रोगाची नक्कल.)

हे कोडं सुटलं मात्र आपल्याकडं नाही, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात. अमेरिकेत पश्चिमेच्या कोरड्या माळावर लोकोवीड नावाची झुडपं उगवतात, शेंगा येणाऱ्या घराण्यातली, ती तिथली अगदी मूळची, कुणी आणलेली नाहीत. लोको म्हणजे स्पॅनिशमधे वेडा. घोडे ते खाऊन भिंतीवर धडकायचे, गाई वाटेत पडलेली काठी मोठा ओंडका असल्यासारखी उडी मारून ओलांडायच्या. एवढं नुकसान की कोलोरॅडो राज्यानं १८८१ ते १८८५ मधे ही झाडं उपटून आणणाऱ्याला चक्क बक्षीस लावलं, जवळजवळ २ लाख डॉलर त्यात गेले आणि झाडं काय संपली नाहीत. मग विष शोधायची धडपड, मधेच १९०८ साली बेरियम धातूवर संशय घेतला गेला, तो फुसका निघाला. शेवटी १९७९ मधे ऑस्ट्रेलियात स्वेन्सोना नावाच्या तिथल्या रानझुडपातून हे रसायन वेगळं काढलं, त्यावरून स्वेन्सोनीन नाव पडलं, आणि १९८२ मधे अमेरिकेतल्या लोकोवीडमधे पण तेच सापडलं. दोन खंड, दोन वेगळी झाडं, विष एकच. आणि तिसरं आमच्या तात्यांचं कुंपण.

आता यातला सगळ्यात भारी भाग. हे विष झाड बनवतच नाही! लोकोवीडच्या आत एक बुरशी राहते, बाहेरून काही दिसत नाही, पानावर डाग नाही, झाड एकदम ठणठणीत. ती बुरशी बियाण्यातून पुढच्या पिढीत जाते आणि स्वेन्सोनीन ती तयार करते. बुरशी काढून टाकलेल्या बियांपासून झाड वाढवलं तर त्यात विष नाही. बेशरमात पण तसंच निघालं, बुरशी वेगळ्या कुळातली, पण धंदा तोच, बुरशीनाशक वापरून वाढवलेल्या बेशरमात स्वेन्सोनीन सापडलं नाही. हां, म्हणून बुरशी मारली की बेशरम खुशाल चारा असं कुणी समजू नका, त्यात कॅलिस्टेजिन नावाचे दुसरे पदार्थ आहेत, ते झाड स्वतः बनवतं आणि ते तसेच राहतात. इतकी वर्षं लोक झाडाला शिव्या देत होते आणि आत भाडेकरू दुसराच.

सवय लागण्याचा प्रकार पण विचित्र आहे. जुने लोक म्हणायचे की लोकोवीडचं व्यसन लागतं, अफूसारखं. तसं व्यसन म्हणता येणार नाही, पण चव लागते आणि मुख्य म्हणजे एकीचं बघून दुसरी शिकते. एका कळपात एक खाणारी शेळी सोडली की बाकीच्या तिच्या मागं जातात. ब्राझीलमधे ॲमेझॉनच्या मुखाशी मराजो नावाचं बेट आहे, म्हशींसाठी प्रसिद्ध, तिथले पोलिस म्हशीवर बसून गस्त घालतात (आपल्या दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून मिरवणाऱ्यांना हे आवडेल). त्या बेटावर पाण्याकाठी हेच बेशरम माजलंय आणि तिथल्या शेळ्यांत हाच आजार. ब्राझीलच्या लोकांनी उपाय काय काढला, तर शेळीला बेशरम खाऊ द्यायचं आणि लगेच लिथियम क्लोराईड पाजायचं, त्यानं जाम मळमळतं, शेळी ती मळमळ झाडाच्या नावावर लावते आणि परत तोंड लावत नाही. आपण लहानपणी एखाद्या लग्नात बासुंदी जास्त खाऊन उलटी काढली की पुढं वर्षभर बासुंदी नको वाटते, तसंच. आपल्याकडं कुणी घरी करू नये, पण डोकं बघा त्यांचं. सुदान, मोझांबिक, अर्जेंटिना, जिथं जिथं हे झाड पोचलं आणि वैरण कमी पडली तिथं तिथं शेळ्या अशाच मान हलवतात.

उतारा नाही यावर. विष रक्तातून तसं लवकर निघून जातं, काही दिवसांत, आणि साठलेली चिपाडं पण हळूहळू साफ होतात, म्हणून लवकर लक्षात आलं आणि झाड खाणं बंद केलं तर शेळी बरीच सुधारते. पण ज्या पर्किंजे पेशी मेल्या त्या गेल्याच. हे विष दुधातून पण उतरतं, म्हणून करडं पिणारी शेळी असेल तर ती आधी बाजूला काढा. गाभण असेल तर गाभडू शकते.

बेशरमावर एवढं लिहिलं कारण तेच घरातलं निघालं. पण मज्जासंस्थेवर हल्ला करणारी झाडं आपल्या भागात आणखी आहेत आणि प्रत्येकाची वायर तोडायची जागा वेगळी.

वेडी बाभूळ घ्या. वेडी म्हणजे कुठंही वाढणारी म्हणून, पण नाव जरा जास्तच खरं निघालं. हिच्या शेंगा गोड असतात, कोरड्या मुलखात मेंढरांना मुद्दाम चारतात आणि थोड्या प्रमाणात ते चांगलं खाद्यच आहे. पण खुराकात निम्म्याहून जास्त शेंगाच, आणि त्या पण कित्येक महिने, असं झालं तर गाई आणि शेळ्यांत जबडा हलवणाऱ्या नसेचं मेंदूतलं मूळ खराब होतं. ज्युलिप्रोसोपीन नावाचं रसायन त्या पेशींतलं ऊर्जा तयार करणारं यंत्र बिघडवतं. जबड्याचे स्नायू वाळतात, जीभ बाहेर लोंबते, लाळ गळते, चावताना मान एका बाजूला वाकडी. ब्राझीलमधे या आजाराचं नावच 'वाकडं तोंड' असं आहे. भूक लागलेली, समोर वैरण आहे, आणि चावता येत नाही. गंमत म्हणजे मेंढ्या त्यामानानं पचवतात, शेळ्या नाही.

काजरा आपल्या सह्याद्रीतला अस्सल गावकरी, याला बाहेरून कुणी आणलेला नाही. संत्र्यासारखं फळ, आत चपट्या राखाडी बटणांसारख्या बिया, त्यात स्ट्रिकनीन, जे १८१८ मधे फ्रान्समधे पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. याची तऱ्हा बेशरमाच्या एकदम उलटी, आठवडे नाही, मिनिटा-तासांचा खेळ. मणक्यातून स्नायूंना "आवळ" असा हुकूम जातो तसा "आता पुरे" असा पण जातो, तो पुरे म्हणणारा निरोप ग्लायसीन नावाचं रसायन पोचवतं. स्ट्रिकनीन त्या निरोपाचं दार अडवून बसतं. म्हणजे मोटरसायकलचा ब्रेक काढून घेतला आणि ॲक्सिलेटर तसाच. जरा आवाज झाला, कुणी हात लावला, की जनावर ताठ होऊन कमानीसारखं वाकतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू पण आवळले की गुदमरतं. धनुर्वातात पण असंच दिसतं, कारण धनुर्वाताचं विष त्याच ब्रेकवर हल्ला करतं, फक्त ते निरोप निघूच देत नाही आणि हे पोचू देत नाही. धनुर्वात मात्र चढायला दिवस घेतो.

धोत्र्याला उग्र वास असतो, जनावर शहाणं असतं, बाजूला सारतं. पण आपण काय करतो, तण काढून वैरणीबरोबर कडबा कुट्टीत घालतो नाहीतर मुरघासात दाबतो. कुट्टी झाली की जनावराची निवडायची सोय संपली. मग तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, पोट बंद, रवंथ बंद, जनावर भिरभिरल्यासारखं वागतं. धोत्र्यातल्या ॲट्रोपीन नावाच्या विषाचं काम ते. माझ्या मते कुट्टी मशीन घरात आल्यापासून वैरण निवडून घ्यायची सवय मोडली हा आपला मोठा घोळ आहे, पूर्वी म्हातारी बाई पेंढी सोडून बघायची, आता थेट मशीनच्या तोंडात.

कोवळी ज्वारी तर सगळ्यांनाच माहिती, पाऊस ताणला आणि पीक सुकलं, किंवा कापल्यावर खुंटाला नवे फुटवे आले की ते धोक्याचे. त्यातून सायनाईड सुटतं. रक्तात ऑक्सिजन असतो पण पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून शिरेतलं रक्तसुद्धा लालभडक दिसतं. मेंदूला सगळ्यात जास्त ऑक्सिजन लागतो, तोच आधी बंद पडतो. इथं मात्र उतारा आहे, सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुने फोटो स्टुडिओवाले ज्याला हायपो म्हणायचे तेच, शिरेतून द्यावं लागतं, आणि वेळ मिनिटांची असते, त्यामुळं डॉक्टरचा नंबर फोनमधे सेव्ह पाहिजे.

बुरशीवरून आठवलं. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी मध्य प्रदेशात बांधवगडमधे दोन-तीन दिवसांत १० हत्ती मेले. त्यांनी शेतातलं कोदो खाल्लं होतं, कोदो म्हणजे आपलं हरीक. दोष हरकाचा नव्हता, त्यावर वाढलेल्या बुरशीचा होता, सायक्लोपायझोनिक ॲसिड नावाचं विष तपासणीत सापडलं. आपल्याकडं पण आजरा-चंदगडच्या बाजूला हत्ती येतात, म्हणून ती बातमी मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचली होती.

आता आप्पांचं म्हणणं, ते हसण्यावारी नेऊ नका. लाळ गळतीय, तोल जातोय, गिळता येत नाही, हे रेबीजमधे पण असतं, आणि झाडाचं विष आहे की रेबीज हे तुम्ही-मी गोठ्यात उभं राहून ठरवू शकत नाही. म्हणून अशा जनावराच्या तोंडात काही अडकलंय का बघायला हात घालायचा नाही, कधीच नाही. साधारण फरक एवढा की रेबीजचं जनावर दिवसागणिक खालावतं आणि दहाएक दिवसांत संपतं, बेशरमाचं महिनोन् महिने तसंच राहतं. दुसरं म्हणजे तेल, ताक, गुळाचं पाणी नळकांड्यानं पाजायची घाई. ज्याला गिळता येत नाही त्याला पाजलं तर ते सरळ फुफ्फुसात जातं आणि मग विषानं नाही, न्यूमोनियानं मरतं. त्यापेक्षा जनावर शांत सावलीत बांधा आणि ते गेल्या महिन्याभरात कुठं कुठं चरत होतं तिथं चक्कर मारून खुडलेली झाडं दिसतील त्यांची फांदी पिशवीत घालून डॉक्टरला दाखवा. आमच्याकडं कुंपणाच्या आतल्या बाजूची पानं शेळीच्या तोंडाच्या उंचीपर्यंत साफ होती, आणि रोज समोरून जाणाऱ्या आम्हा सहा माणसांपैकी एकाला पण ते दिसलं नव्हतं.

शेळी आता वैरण खाते, पण शेवटच्या वितीला मान अजून डगमगते, काकू तिच्या पुढ्यात पाटी उंचावर ठेवतात म्हणजे तिला कमी वाकावं लागतं. तात्यांनी सगळं बेशरम मुळासकट उपटलं, जाळी मारली, आणि काढलेल्या फांद्यांचा भारा नेऊन ओढ्याच्या कडेला टाकला. जुलैत पाऊस लागला. परवा गेलो होतो तर त्या भाऱ्याला फूल आलंय.